पंप काढा!

आई बुकबाइंडर होती, फाटकी पुस्तकं शिवून त्यांना पुठ्ठे चढवायची. तिची बावीस वर्षांची लेक शेजारी बसून त्यांवर सोनेरी अक्षरं उठवायची. तिची उंची दहा वर्षांच्या मुलीएवढी. दुसऱ्या कुणी नाव ठेवायच्या आत तिनं स्वतःलाच 'बुटकी' म्हणायला सुरुवात केली होती.

बुटकीला थॅलेसेमिया होता. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागे. त्या रक्तातून अंगात साठणारं लोह काढायला आठवड्यातले पाच दिवस पोटाच्या कातडीखाली सुई टोचून औषधाचा पंप लावायचा, दहा-दहा तास. मध्ये दोन वर्षं ती थापा मारून पंप चुकवत राहिली आणि लोहाचा आकडा सहा हजारांवर गेला. हजाराच्या आत हवा होता. तेव्हापासून आई डोळ्यांत तेल घालून पंप स्वतः लावू लागली.

एका सोमवारी बुटकीचं पोट दुखू लागलं, अंगही तापलं.

"आई, आज नको ना गं पंप."

"नको नको करूनच सहा हजार झाले. झगा वर कर."

"खरंच दुखतंय. अंगही तापलंय."

"दर वेळी तुझं काहीतरी दुखतंच!" आईनं सुई टोचली. मंगळवारीही टोचली. बुधवारी दुपारी बुटकी असंबद्ध बडबडू लागली, तेव्हा आईनं तिला पंपासकट उचलून टॅक्सीनं हॉस्पिटलात नेलं.

"पंप चालूच आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एक दिवस खाडा नाही केला," आई म्हणाली.

"काढा तो! आधी काढा!"

नर्सनं सुई उपसली. डॉक्टरीणबाईंनी भराभर सांगितलं, "लोह वाढलं की जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात. त्यात एक जंतू असा आहे, की त्याला हे औषधच लोह पुरवतं. म्हणून ताप आला की पंप बंद ठेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

आईला आठवलं. सांगितलं होतं. अगदी पहिल्या दिवशी, दोनदा. बहाणे मोडून काढता काढता ती विसरली होती.

नऊ दिवस बुटकी अतिदक्षता विभागात होती. पाचव्या दिवशी रक्तदाब ढासळला. दिसेल त्या नर्सचा हात धरून आई म्हणायची, "माझ्या पांढऱ्या पेशी घ्या ना. चांगल्या आहेत." नर्स मान हलवून हात सोडवून घ्यायची.

सातव्या दिवशी बुटकीनं डोळे उघडले.

"मीच केलं गं हे," आई म्हणाली.

"माहितीये." आवाज ओठांबाहेर जेमतेम आला. "मी इतकं खोटं बोलले, की खरं तुला ऐकूच आलं नाही."

बुटकी आईकडे बघत राहिली. 'तुझी चूक नाही' असं ती म्हणाली नाही.

बुटकी वाचली, पण हृदय कमजोर झालं. महिन्याभरानं तपासणी झाली. "लोह सात हजार दोनशे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजपासून पंप परत सुरू. आता थांबलो तर साठलेल्या लोहानं हृदय थांबेल."

घरी आईनं सुई घेतली, पण टोचायच्या आधीच खाली ठेवली. तिनं बुटकीच्या कपाळाला हात लावला, काढला, परत लावला.

"ताप नाहीये, आई."

"नक्की?"

"नक्की."

आईला ते खरं वाटेना. ती थर्मामीटर शोधायला उठली.