आवडाने म्हटलेली प्रार्थना

निजामाच्या अमलात चिकलठाण्याजवळच्या त्या वाडीतल्या शाळेत रोज दुपारी दीनियातचा तास व्हायचा. मुसलमानांच्या पोरांना धर्म शिकवायचा आणि तेवढा वेळ हिंदूंच्या पोरांनी बाहेर बसायचं, असा हुकूम. बाहेर म्हणजे कुठं, हे हुकूम काढणाऱ्यानं कधी येऊन पाहिलं नव्हतं. शाळा एका खोलीची आणि समोर उघडं माळरान. उन्हानं पोरं भाजून निघायला लागली तेव्हा हबीब मास्तरांनीच त्यांना आत घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून बसवलं.

"तुमी आपले पाढे पाठ करा. इकडं ध्यान देऊ नका," ते म्हणाले.

भिंतीकडं तोंड केलं म्हणून लेकरांचे कान थोडेच बंद होतात! पण मास्तर भोळे.

मग पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. त्याआधी रझाकारांनी, गाव ज्यांचा शब्द मानायचं त्या नानासाहेबांचा तरणाताठा मुलगा मारला होता. त्याचा सूड उगवायला जमाव मास्तरांच्या दारावर आला, तेव्हा तेच नानासाहेब काठी घेऊन उंबऱ्यावर बसले. "या माणसानं माझ्या नातीला अक्षर शिकवलं. आधी मला तोडा," म्हणाले. जमाव परत फिरला. मास्तर आणि त्यांची बायको जोहराबी वाचले ते त्या एका माणसाच्या शब्दावर, आणि त्यानंतरही गावात टिकले ते त्याच शब्दावर.

दीनियात बंद झालं. रोज सकाळी शाळेत प्रार्थना घ्यावी, असा नवा हुकूम आला. मास्तरांना एकही येत नव्हती. नानासाहेबांना विचारावी, असं ते रोज ठरवायचे आणि रोज टाळायचे. ज्याचा मुलगा असा गेला, त्याच्यापुढं कोणत्या तोंडानं उभं राहायचं? दिवस तसेच गेले.

एक दिवस नवे तपासनीस आले. गावातली मोठी माणसं भिंतीला टेकून बसली, नानासाहेब सगळ्यांच्या पुढं.

"प्रार्थना होऊ द्या," तपासनीस म्हणाले.

पोरं एकमेकांकडं बघत राहिली. नानासाहेबांची नात आवडा मास्तरांच्या कपाळावरचा घाम बघत होती. तिला राहवलं नाही. ती उठली, हात जोडले, डोळे मिटले आणि बिस्मिल्लाहपासून सुरुवात केली.

या शाळेत प्रार्थना म्हणून तिनं ऐकली होती ती एवढीच. कुठं अडखळली नाही. ज्यांना छडी घेऊन शिकवलं, त्यांच्या तोंडून मास्तरांनी इतकं स्वच्छ कधी ऐकलं नव्हतं. क्षणभर त्यांचा ऊर भरून आला. मग त्यांनी नानासाहेबांकडं पाहिलं.

नानासाहेबांनी उठून पोरीच्या थोबाडीत मारली. "बाप कुणी मारला तुझा, ठावं हाय ना? आन् हे म्हणतीस? कुणी शिकवलं?"

"कुणी नाय, आजा. मीच..."

"आपल्या मनानं शिकलीस?" त्यांचा हात पुन्हा वर गेला.

खरं तेच होतं. मास्तरांनी तेवढं सांगितलं असतं तर ते सुटले असते, आणि पोरीचं कातडं सोललं गेलं असतं. हे त्यांना लख्ख दिसत होतं.

"मी शिकवलं, नानासाहेब," ते म्हणाले. "तिला मारू नका."

हात खाली आला. नानासाहेब त्यांच्याकडं बघत राहिले. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"तुमच्या दारात बसलो हुतो मी, मास्तर," एवढं बोलून ते निघून गेले. तपासनिसांनी तिथल्या तिथं मास्तरांना कामावरून काढलं.

आता उंबऱ्यावर कुणी बसणार नव्हतं. दिवस मावळायच्या आत गाव सोडायला हवं होतं. जोहराबी रडत भांडी बांधत होती. मास्तर गाठोडं उचलायला वाकले तर मागच्या दारात आवडा उभी. गाल सुजून डोळा बारीक झालेला.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "माझं कुठं चुकलं?"

मास्तरांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, रस्त्याकडं पाहिलं आणि तो मागं घेतला.

"कुठंच नाय, बाई," ते म्हणाले. "एकदम बरोबर म्हणलीस. आता इसरून जा."