सदोष ठरवलेला थर्मास

माझ्या पोटावर पांढऱ्या रंगाने सामानाच्या नोंदवहीतला एक आकडा घातलेला आहे आणि त्याखाली एक शब्द लिहिला आहे: सदोष. मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. बोरीवलीतल्या एका कॉलेजच्या सामानाच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या मागे मी पडून असतो. तो शब्द माझ्यावर कसा आला ते सांगणार आहे. नीट सांगता येईल की नाही, याची मलाच शंका आहे, कारण इतकी वर्षे मला कोणी काही विचारलेले नाही.

माझे अंग निळ्या पत्र्याचे. आत दुहेरी काच आणि दोन काचांमधली हवा काढून घेतलेली. कारखान्यात आम्हाला एकच विद्या मिळते. जे आत येईल ते आले तसे सांभाळायचे. थंड आले तर थंड, गरम आले तर गरम. निवड करणे आमच्या हातात नसते.

कॉलेजने मला आणले ते लसींसाठी. राष्ट्रीय सेवा योजनेची मुले दिवाळीच्या सुट्टीत ठाणे जिल्ह्यातल्या एका पाड्यावर शिबिराला जात, विहिरीतला गाळ काढत. तिथल्या पाण्याचा भरवसा नसे. म्हणून नियम होता की टायफॉइडची लस टोचल्याचा दाखला असल्याशिवाय एकाही विद्यार्थ्याने बसमध्ये पाय ठेवायचा नाही. नियम चांगला होता. आजही मी त्याला नावे ठेवत नाही.

लस आणायचे काम धाकू शिपायाचे. तो मूळचा मालवणकडचा. गिरणी संपात गेली, तेव्हा इथे लागला होता आणि अजून कायम झाला नव्हता. बर्फ आणि बाटल्या माझ्यात भरून, ओला पंचा गुंडाळून, मला तो तान्ह्या मुलासारखा छातीशी धरून आणी. टोचायला येणारे डॉक्टर बुचाखालचा बर्फ पाहून म्हणत, "वा धाकू! माल एकदम गार." तेव्हा मला फार बरे वाटे.

मग चौऱ्याऐंशी सालचा ऑक्टोबर आला. लसी सकाळीच माझ्यात येऊन बसल्या होत्या. दुपारी टोचणी आणि संध्याकाळी दाखले विद्यापीठाकडे रवाना व्हायचे होते. तेवढ्यात विद्यापीठाचे पाहुणे कॉलेज बघायला आले. उपप्राचार्य विद्याधरसरांनी धाकूला हाक मारली.

"किटलीतला चहा गार होतो रे. तो थर्मास घे."

"त्येच्यात इंजेक्शना आसत, साहेब."

"मग काढून खिडकीत ठेव. दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे!"

धाकूने बर्फ मोरीत ओतला आणि बाटल्या खिडकीत मांडल्या. ऑक्टोबरचे ऊन थेट त्यांच्यावर येत होते. माझ्यात उकळता चहा आला आणि मी तो जीव लावून सांभाळला. पाहुण्यांनी तिसरा कप घेताना माझे कौतुकही केले. दहा मिनिटांचे तीन तास झाले. डॉक्टरांची स्कूटर फाटकात वाजली, तशी धाकूने घाईघाईने बाटल्या पुन्हा माझ्यात कोंबल्या. ना बर्फ, ना पाणी. माझ्या काचेत चहाची धग अजून होती. ती मी बाटल्यांना दिली. मित्रांनो, मला दुसरे काही येतच नाही.

रांगेत थट्टामस्करी चालली होती. "नंदू, तू चक्कर येऊन पडणार बघ!" "गप रे, तूच मघापासून तीनदा पाणी पिऊन आलास!" टेबलाशी नावे लिहायला क्लॅरिस बसली होती; यादीत पहिले नाव तिचेच होते. ती एकसरच्या भाजीमळ्यातली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची. तिच्या घरातले कोणी कॉलेजपर्यंत आले नव्हते. परीक्षा झाली की तिला शिक्षिका व्हायचे होते. डॉक्टरांना द्यायला तिने माझ्यातून पहिली बाटली काढली आणि थबकली.

"धाकूमामा, ही गरम कशी?"

डॉक्टरांनी बाटली हातात घेतली. त्यांनी धाकूकडे पाहिले. धाकूने मान खाली घातली, पण खोटे बोलला नाही.

"बरफ मीच वतलंय, डॉक्टरसाहेब. च्या भरूक सांगितली माका."

"मग ही लस टाकून द्यावी लागेल," डॉक्टर म्हणाले.

विद्याधरसर पुढे आले. "डॉक्टर, नवी लस यायला आठवडा जाईल. दाखले आज गेले नाहीत तर शिबिर रद्द. विद्यापीठ कागद बघतं हो, बाटलीला हात लावून बघत नाही."

डॉक्टरांनी घड्याळात पाहिले. त्यांना अजून दोन कॉलेजे गाठायची होती. त्यांनी सुई भरली.

"पण सर, गरम झालेली लस..." क्लॅरिस म्हणाली.

"तू पुढे सरक. मागे रांग आहे," विद्याधरसर म्हणाले.

ती सरकली. बाही वर केली. ऐंशी मुलांना लस टोचली गेली आणि ऐंशी दाखल्यांवर शिक्का बसला.

शिबिराहून परतल्यावर काही दिवसांतच तिला ताप भरला. टायफॉइड निघाला. लस गार असती तर ती आजारी पडलीच नसती असे मी छातीठोकपणे म्हणत नाही. ते डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. पण ती सात आठवडे अंथरुणाला खिळली, केस मुठीने गळले आणि हजेरी कमी भरली. हजेरीत सूट मिळाली नाही तर वर्ष जाणार होते. तिचे वडील बॅप्टिस्ट अर्ज घेऊन आले.

"सर, पोरगी भिंत धरून चालते. शिबिरात पाठवली तुम्ही. तेवढं लिहून द्या."

विद्याधरसरांनी फाईल उघडून दाखला समोर ठेवला. "लस घेतल्याची नोंद आहे. मग शिबिरात टायफॉइड होईलच कसा? कॉलेजनं काय लिहून द्यायचं?"

बॅप्टिस्टनी त्या शिक्क्यावरून बोट फिरवले. मग म्हणाले, "म्हणजे कागद बरा आहे. पोरगी तेवढी आजारी." आणि अर्ज घडी करून खिशात घालून ते निघून गेले.

क्लॅरिसचे वर्ष गेले. ती पुन्हा कॉलेजात आली नाही. डोक्याला रुमाल बांधून मळ्यात आईच्या हाताखाली भाजी खुडते, असे धाकू कुणाला तरी सांगताना मी ऐकले.

पुढे कुठून तरी बोभाटा झाला आणि चौकशी बसली. चौकशीला कोणीतरी दोषी हवा होता आणि मला तोंड नव्हते. थर्मासमध्ये गारवा टिकत नव्हता, असे निवेदन टाईप झाले. खाली धाकूची सही हवी होती. त्याचा कायम होण्याचा कागद त्याच टेबलावर होता. त्याने दोन्हीवर सही केली. दुसऱ्या दिवशी माझ्या पोटावर तो शब्द आला.

यानंतर काही महिन्यांनी, एका शुक्रवारी दुपारी धाकू या खोलीत आला. त्याने बाकांमागून मला काढले, धुतले, कॅन्टीनमधून आणलेला बर्फ भरला, बूच घट्ट लावले आणि गेला. शनिवारी सकाळी त्याने बूच उघडून आत बोटे घातली. बर्फाचे खडे काचेवर किणकिणले.

"तुजा काय चुकूक नाय रे," तो हळूच म्हणाला.

मग त्याने मला पुन्हा बाकांमागे ठेवले. आकड्याची बाजू भिंतीकडे करून.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असे सांगून आम्ही वस्तू निरोप घेतो. मी तसे सांगणार नाही. माझी काळजी पुष्कळ घेतली गेली. चहाच्या वेळी तर फारच. तुम्ही उद्या कॉलेजात जाल. नियम असेल, रांग असेल, हातात दाखला येईल. लस जरूर घ्या, पण बाटली गार आहे का, ते आधी विचारा. आणि विचारणारा एकटा असला तर त्याच्या मागचे तुम्ही गप्प राहू नका. क्लॅरिसने विचारले होते. तिच्या मागे एकोणऐंशी जण उभे होते.