वनाने सांगितलेले डोंगर

कमलच्या तेराव्याला तिचा भाऊ वना पानावरून उठला आणि हात धुता धुता सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, बहिणीचे नवस राहिलेत. ते तुम्हाला फेडावे लागतील."

नवस माझ्यासाठीच बोललेले होते. माझं आयुष्य धुळ्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची धूळ खाण्यात गेलं. आदल्या वर्षी छातीत पाणी झालं आणि मी दवाखान्यात पडलो. डॉक्टरांनी कमलला सांगितलं, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. ती कोणाला बोलवायला गेली नाही. मला नर्सच्या भरवशावर टाकून दोन दिवस शिरपूरकडे माहेरी गेली आणि परत येऊन म्हणाली, "देवीला बोलून आले." कुठल्या देवीला, काय बोलली, ते मी विचारलं नाही. आमच्याकडे बोललेला नवस फिटेपर्यंत तोंडाबाहेर काढत नाहीत.

मी उठलो. जिन सुटलं, दम गेला, चालणं बैलगाडीहून हळू झालं, पण उठलो. पुढच्या दिवाळीत कमलला कावीळ झाली आणि तिने आठवडासुद्धा काढला नाही.

वना एस.टी.त कंडक्टर. शिरपूरच्या गाडीवर असायचा. त्याला मी विचारलं, "किती ठिकाणी बोलली ती?"

"जिथे डोंगर दिसला तिथे बोलली. सगळे डोंगरावरचेच आहेत. मी होतो ना तिच्यासंगे."

"दोन दिवसांत एवढे डोंगर?"

"तिला दम लागत नव्हता, दाजी."

पंगतीतले दोघंतिघं हसले. मी खाली बघितलं.

"मग आधी सोपे सांग," मी म्हणालो. "माझी छाती तुला माहीत आहे. हळूहळू अवघड करू."

"निवडून घ्यायला तुम्ही बाजारात वांगी घेताय का? मी सांगेन तो डोंगर. एकट्याने जायचं, कोणाचा हात धरायचा नाही, देवीची ओटी ठेवायची आणि त्याच दिवशी परत यायचं. रात्र बाहेर काढली तर नवस धरला जात नाही."

मुलगी जळगावला दिलेली. तेराव्यानंतर ती गेली आणि घरात मी एकटा राहिलो. म्हणून खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. आठवडाभर रविवारची तयारी करायची. खण, नारळ, हिरव्या बांगड्या आणायच्या. भाकरी मी स्वतः थापायला लागलो होतो, त्या जाड व्हायच्या. फिरकीच्या तांब्यात पाणी, फडक्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा.

पहिल्यांदा त्याने सोनगीर सांगितलं. तो किल्ला लहान आहे. मी पहाटेच्या गाडीने गेलो आणि उन्हाआधी चढायला लागलो. हळू चालणाऱ्याने कसं चढायचं ते मला तिथेच कळलं. शेंड्याकडे बघायचं नाही. पुढचं झुडूप बघायचं, तिथे जाऊन बसायचं, छाती खाली बसली की त्याच्या पुढचं बघायचं. वर ओटी ठेवली, कमलचं नाव घेतलं, दुपारी धुळ्यात परत. स्टँडवर वना होता. मी त्याला हात केला.

"इतक्या लवकर?" तो म्हणाला. त्याचं तोंड उतरलेलं होतं. मला वाटलं ड्यूटीचा थकवा असेल.

मग लळिंग. अर्ध्या वाटेवर धुळ्याची एक मंडळी मागून आली, नवी लग्नं झालेली जोडपी, हसत खिदळत. एकजण म्हणाला, "आबा, उतरताना भेटू. इथेच असाल ना?" ती मंडळी वर जाऊन, जेवून, उतरून आली तेव्हा मी दोन वळणं पुढे गेलो होतो. "अरे, आबा हलले की!" तो ओरडला आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी पण हसलो. ते गेल्यावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. पण त्या दिवशीही परत आलो.

तिसरा पाटणादेवीजवळचा कन्हेरगड. धुळ्याहून चाळीसगावपर्यंत रेल्वे, पुढे मिळेल ते. तो डोंगर माझ्यासारख्यासाठी नाही. वाट अंगावर येते, पायाखाली मुरूम सरकतो. उतरताना मी घसरलो आणि गुडघा दगडावर आपटला. लंगडत पाटणादेवी गाठेपर्यंत शेवटची गाडी गेली. एका शेतकऱ्याने त्याच्या ओट्यावर झोपू दिलं, सकाळी चहाही दिला.

वनाला सांगितलं. तो गुडघ्याकडे बघत होता.

"रात्र बाहेर काढली."

"गुडघा फुटला रे. बघ तरी."

"दिसतोय. पण देवीला गुडघ्याचं काय? हा धरला जाणार नाही. परत जा."

मी परत गेलो. गुडघ्याला फडकं बांधून, काठी घेऊन, त्याच डोंगरावर. उतरताना बरीचशी वाट बसून, ढुंगणाने सरकत उतरलो. धोतर मागून फाटलं. पण त्याच दिवशी घरी आलो आणि कमलच्या फोटोला म्हणालो, हा झाला. त्या रात्री मला झोप चांगली लागली.

"अजून दोन राहिले," वना म्हणाला. "आता सातपुड्यातला."

फाल्गुन लागला होता. त्याने सांगितलेला डोंगर कमलच्या माहेरच्या गावावरून पुढे, शिरपूरच्या वरच्या अंगाला. वाटेत पाणी नाही हे मला गाडीतच लोकांनी सांगितलं. एकजण म्हणाला, "त्या डोंगरावर काय आहे? तिथे गुरं पण जात नाहीत." मी म्हणालो, देवी आहे.

तांब्या भरून घ्यायला मी गावात उतरलो. कमलची चुलत मावशी भिकुबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. म्हातारी झाली होती पण तिने मला लगेच ओळखलं.

"जवाई? आते कोठे चालना इतला उन्हाना?"

मी डोंगराचं नाव सांगितलं. कमलचा नवस फेडायला, म्हणालो.

तिने हातातल्या मिरच्या सुपात टाकल्या. "कोणता नवस?"

"माझ्या दुखण्यात बोलली होती ना. जागोजागी. वना होता सोबत."

"वना?" भिकुबाई हसली. दात नसलेलं हसणं. "वना कोठला! वना तर त्याच्या गाडीवर होता. मी गेले होते तिच्यासंगे. आणि जागोजागी कुठलं? ती टेकडी बघ." तिने घरामागे हात केला. गावच्या गुरांची रोजची वाट होती ती. मी सुद्धा न बसता चढलो असतो. "तिथे एकदा बोलली. बस."

"काय बोलली?"

"तुला माहीत नाही?" तिने माझ्याकडे नीट बघितलं, मग मिरच्या पसरायला लागली. "मन्हा धनीले ठेव, मले लई जा. अशी बोलनी. मी तिले थोबाडात मारी. म्हटलं, रांडे, त्याच्या बदली मला ने, असं बोलतात का? पण बोलून गेली होती."

मी तांब्या धरून उभा होतो.

"तू उठलास, ती गेली. फिटला की नवस. आता काय ओटी भरतोस? दहाव्याच्या आधी वना इकडे आला तेव्हाच मी त्याला सांगितलं होतं. रडला लेकरासारखा." मग म्हणाली, "पाणी घे ना. उभा काय राहिलास?"

मी पाणी घेतलं. डोंगराकडे गेलो नाही. सडकेवर येऊन दुपारच्या गाडीत बसलो. गाडी वनाची होती.

तो तिकीट द्यायला आला. "एवढ्यात उतरलात पण?"

"चढलो नाही. भिकुबाई भेटली."

त्याचा हात थांबला नाही. त्याने तिकीट पंच केलं, माझ्या हातात दिलं आणि मागच्या बाईचे पैसे घेतले. सगळ्या गाडीची तिकिटं करून तो परत माझ्याशेजारी येऊन बसला.

"म्हणजे कळलं."

"मला का चढवत होतास?"

"सांगू? मला वाटायचं, एखाद्या रविवारी संध्याकाळच्या गाडीत तुम्ही नसाल. मी स्टँडवर वाट बघेन आणि तुम्ही येणार नाही." तो हळू बोलत होता, समोर बघत. "पण तुम्ही येता. गोगलगायीसारखे, फाटकं धोतर घेऊन, पण येता. आणि वर हात करता मला."

"मी काय मागितलं होतं तिच्याकडे?"

"नाही ना. तेच म्हणतो मी. न मागता मिळालं तुम्हाला."

पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघत होता. वना त्याला म्हणाला, "काय बघतोस? घरचं बोलणं आहे." तो माणूस पुढे वळला.

मी म्हणालो, "वना, तू दोन राहिले म्हणाला होतास. शेवटचा कोणता?"

"कसला शेवटचा? नवसच नाहीत ते."

"असू दे. तू सांग, मी जातो."

तो उठला. "आता घरी बसा, दाजी. जगा. तिने तेवढ्यासाठीच दिलंय."

तो आठवडा मी घरी बसलो. भाकरी थापल्या, खाल्ल्या. नवस होते तोवर रविवारी मी कमलसाठी काही तरी करत होतो. डोंगर चढताना तिचं काही देणं माझ्याकडून जातंय असं वाटायचं. आता मी दम लागून बसायचो ते उगाच, आणि जगायचो तेही. मी स्वतःचा डोंगर स्वतः निवडून बघितला. लळिंग परत करावं, सोनगीर सोपं आहे, असं मनात आणलं. पण कशाला, याचं उत्तर येईना.

रविवारी मी स्टँडवर गेलो. शिरपूरची गाडी लागली होती. वना दारात उभा होता.

"कुठे?" त्याने विचारलं, कोणाही उतारूला विचारावं तसं.

"तू सांग," मी म्हणालो. "अवघड सांग. पाणी नसलेला सांग. मी जातो, वना, तू म्हणशील तिथे जातो."

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. माझ्या पिशवीकडे, गुडघ्याकडे.

"नाही सांगणार."

मी पायरीवर चढलो. मागे लोक खोळंबले. एक बाई ओरडली, "आबा, आत व्हा नाही तर खाली उतरा!" एकाने विचारलं, "अरे, या म्हाताऱ्याला जायचंय कुठे?"

"कुठेच नाही," वना म्हणाला. त्याने माझा दंड धरून मला खाली उतरवलं, लोकांना आत घेतलं, दार लावलं आणि डबल बेल दिली.

गाडी आग्रा रोडला लागेपर्यंत मी तिथे उभा होतो. मग घरी निघालो. घर स्टँडपासून जवळच आहे. लगेच पोचलो.