आईसारखी अंबाडी

सोमवारी दुपारी दीड वाजता, तलवाड्यात, अभिमन्यूने अंबाडीच्या भाजीची वाटी उचलून ताटाबाहेर ठेवली.

"काय झालं आता?" विजयमालाने हातातली भाकरी तव्यावर टाकत विचारलं.

"चांगली झाली. पर आईसारखी न्हाई."

"आत्याबाईंनी सांगितली तशीच केली. ज्वारीच्या कण्या, शेंगदाण्याचं कूट. माज्या पदरचं काय घातलं न्हाई."

"आईला आता आठवत न्हाई."

अभिमन्यूच्या आई गीताबाई, ज्यांना विजयमाला आत्याबाई म्हणायची, दाराशेजारी बाजेवर बसल्या होत्या. त्यांना ऐकू चांगलं येतं. त्या लसूण सोलत राहिल्या.

अभिमन्यू पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. गेवराई तालुक्यातल्या कितीतरी विहिरींवर तो जेवलेला आहे. दोडका, गवार, शेवगा कुणीही कसाही केला तरी तो ताट पुसून उठतो. अडतो फक्त अंबाडीवर. लग्नानंतर पहिल्यांदा शिरूर कासारला सासरवाडीत गेला, तेव्हा सासूने कौतुकाने गूळ घालून अंबाडी केली होती. जावई ठेच्याशी भाकरी खाऊन उठला. मानपानात काही कमी पडलं, असं समजून सासऱ्याने घाईघाईने टॉवेल-टोपी आणवली. अभिमन्यूने ती घेतलीही.

तेव्हापासून विजयमाला अंबाडीच्या मागे लागली होती. कण्या भाजून पाहिल्या, लसूण वाढवून पाहिला, गॅस सोडून चुलीवर शिजवून पाहिली. एकदा 'जमली' एवढं ऐकायचं होतं. एरवी नवऱ्याबद्दल तिची फारशी तक्रार नव्हती.

मंगळवारी गेवराईहून हबीबचा फोन आला. बोअरची मोटार बंद पडली होती. हबीब फळांचा गाडा लावतो. लहानपणी तो आणि त्याची थोरली बहीण जुलेखा तलवाड्यात अभिमन्यूच्या शेजारीच राहायचे. विजयमालाला गेवराईत साडी फॉल लावायला टाकायची होती, म्हणून तीही गाडीवर मागे बसली.

मोटार चालू झाली. हबीबकडेच राहणाऱ्या जुलेखाने दोघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. ताटात अंबाडी आली. विजयमालाने नवऱ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. दुसऱ्याच्या घरी तमाशा नको होता.

अभिमन्यूने एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग हात थांबवून वाटीत पाहत राहिला.

"आपा, ही माज्या आईची भाजी हाय."

"तुज्या आईची? येडा झाला का रे अभ्या? ही माज्या अम्मीची. हरभऱ्याची डाळ, लाल केलेला कांदा, वरून लसणाचा बघार. तुमच्यात तर कण्या घालत्यात."

"आमच्या घरात हीच व्हायची."

"व्हायची न्हाई, यायची," जुलेखा म्हणाली. "बाजरी काढायला गेलेली तुजी आई दिवे लागल्यावर घरी यायची. तू भुकेनं वरडायचा. अम्मी भाजी द्यायची. पर तुजी आज्जी लई कडक, आमच्या घरचं तिला चालायचं न्हाई. मंग तुजी आई आपल्या पातेल्यात वतायची अन् चुलीवर ठेवायची, आत्ताच शिजल्यासारखी."

हबीबने भाकरी मोडता मोडता विचारलं, "म्हंजी वहिनीनं इतकी वर्षं फुकटच बोलणी खाल्ली?"

विजयमालाने तोंडाला पदर लावला. सगळ्यांना वाटलं रडते आहे. ती हसत होती. ठसका लागेपर्यंत हसली, जुलेखाने पाठ चोळली तरी थांबेना.

"अवं," ती कशीबशी म्हणाली, "म्हंजी तुमच्या आईची भाजी मी पहिल्या दिसापासनं बरोबर करते की!"

अभिमन्यूने ताट पुढे सरकवलं. तिसरी भाकरी मागून घेतली.

जेवणानंतर विजयमाला जुलेखाबरोबर स्वयंपाकघरात शिरली ती ऊन उतरल्यावरच बाहेर आली. निघताना तिने जुलेखाला तलवाड्याला यायचं निमंत्रण दिलं. वाटेत अभिमन्यूने गाडी बाजूला घेतली.

"आईला काय बोलू नको."

"मी कशाला बोलू?"

"म्हातारपणी तिला लागंल. माज्यासाठी लपवलं तिनं."

विजयमालाने मान डोलावली. या वेळी ती हसली नाही.

गुरुवारी तिने जुलेखाच्या रीतीने अंबाडी केली. गीताबाईंचं ताट बाजेवर दिलं, अभिमन्यूचं चुलीपुढे. तो खाली मान घालून जेवला. वाटी बोटाने पुसली, बोटही चाटलं.

"जमली," तो म्हणाला.

"कुणासारखी?"

अभिमन्यूने घाईघाईने भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला आणि चावत बसला. विजयमाला हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"त्याला काय इचारती, माला?" गीताबाई बाजेवरून म्हणाल्या. त्यांची वाटी रिकामी झाली होती आणि ती त्यांनी पुढे धरली होती. "घाल अजून. जुलेखा भेटली व्हय?"

अभिमन्यूचं चावणं थांबलं.

"भेटली," विजयमालाने वाटी भरत सांगितलं. "इकडं बोलावलंय तिला."

"मंग तिला म्हनावं, मागच्या दारानं नको. तिची आई तशीच यायची बिचारी, अंधारात, पदराखाली भांडं धरून." गीताबाईंनी भाकरी भाजीत कुस्करली. "म्होरून ये म्हनावं. दिवसा."

विजयमालाने त्याच संध्याकाळी फोन करून निरोप जसाच्या तसा सांगितला. जुलेखाने तो पुन्हा एकदा सांगायला लावला. मग येते म्हणाली. दिवस अजून ठरलेला नाही.