ओल्या लाकडाचा आवाज

लग्नाच्या हॉलच्या मॅनेजरने पिशवी उपडी केली आणि टेबलावर मेणबत्तीचे स्टँड घरंगळले. साध्या ओंडक्यांचे, साल तशीच ठेवलेले, वर मेणबत्तीपुरतं भोक पाडलेले. एकूण एक उभे चिरले होते. भेगांतून मेण टेबलक्लॉथवर ओघळलं, पाहुण्यांसमोर शोभा झाली, असं तो बराच वेळ सुनावत होता. म्हाताऱ्या सुताराला त्यातलं निम्मंच ऐकू आलं. बाकीचं त्याने तोंडाकडे बघून जुळवलं. नवे करून द्या, पण पुन्हा असं झालं तर दुसरा सुतार बघतो, एवढं मात्र स्पष्ट कळलं.

कारण त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. लाकूड ओलं होतं आणि सुकताना फुटलं. चाळीस वर्षं तो दोन ओंडके एकमेकांवर आपटून पारख करत आला होता. सुकलेले टणटणतात, ओले नुसते धप्प करतात. ओलावा मोजायची मशीन आली तेव्हा त्याने नाक मुरडलं होतं. माझे कान शाबूत आहेत, असं ऐटीत सांगत फिरला होता.

कान दोन वर्षांपूर्वीच दगा देऊ लागले. ही गोष्ट त्याने घरातसुद्धा कळू दिली नाही. पारख गेली की आपल्याला दुकानात कोण विचारणार, ही भीती त्याला आतून पोखरत होती. मग तो अंदाजाने ओल्या-सुक्याचे ढीग लावू लागला. आजवर एकही स्टँड चिरला नव्हता, त्यामुळे अंदाजही पक्का आहे अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

मॅनेजर गेल्यावर तो सुनेवर उखडला. ढीग तूच सरमिसळ केला असशील, म्हणाला. तिने हातातला पॉलिशपेपर ठेवला आणि तोंड नीट दिसेल अशी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"हे ओंडके निवडले तेव्हा मी नव्हतेच इथे, बाबा. आठ दिवस आईकडे होते ना."

"मग त्याचा काय संबंध?"

तिला सांगणं जिवावर आलं होतं. "तुम्ही जेवायला गेलात की मी रोज तुमचा ढीग परत वाजवून बघते. ओले बाजूला काढते. दोन वर्षं झाली."

त्याला आधी राग आला, आणि तो ओसरल्यावर मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेली दोन वर्षं ज्या कानाची तो चारचौघांत फुशारकी मारत होता, तो या पोरीचा होता.

"कुणाला बोललीस?"

"नाही. यांनासुद्धा नाही."

त्याने फळीवरून दोन ओंडके काढले आणि तिच्या हातात दिले. तिने ते आपटले.

"काय वाटतं?" त्याने विचारलं.

"दोन्ही ओले आहेत, बाबा."

त्याने ते तिच्या हातातून घेतले, मागच्या, ओल्यांच्या ढिगावर नेऊन ठेवले, आणि पुढचे दोन तिला काढून दिले.