तारांना घरची हवा

आमचे हे, जाजांग, बांडुंगमधल्या लग्नांत इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. काल सकाळी नव्या तारा आणायला गेले ते दुपारी उगवले. जाड तारेचा आवाज भरदार, पण बोटं सोलून निघतात. पातळ तार बोटांना मऊ, पण आवाज केविलवाणा. माझ्याशी लग्न ठरवताना या माणसाने इतका विचार केला नव्हता.

शेवटी पातळ आणल्या आणि पाकिटातून काढून ओट्यावर ठेवल्या. का, तर तारांना घरच्या हवेची सवय व्हावी लागते! शेजारीच जुन्या तारा वाळत होत्या, माझ्या रश्श्याच्या पातेल्यात उकळलेल्या. उकळल्या की मळ निघतो आणि आणखी महिनाभर चालतात, असं इथले सगळे वादक मानतात. पातेलं घासायला मात्र बायका.

आज घाईत ह्यांनी गिटारवर चढवल्या त्या जुन्याच. टोकांना लागलेली हळद मला लांबून दिसली. मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "इमास, तुला नाही कळायचं यातलं."

बरं. नाही तर नाही.

संध्याकाळी लग्नातून आले ते हवेत. "काय आवाज लागला आज! आणि बोटांखाली नुसतं लोणी! म्हणून तर तार पारखून घ्यायची असते."

"हो ना," मी म्हणाले आणि त्यांच्या कोऱ्या तारेने केळीच्या पानात गुंडाळून शिजवलेल्या भाताच्या लोंतोंगच्या चकत्या पाडत राहिले. तो भात मेला सुरीला चिकटतो. तारेने कसा अलगद कापला जातो. निवड चोख होती, खोटं कशाला बोलू!