डाव्या बाजूचे टायर

"टायर हाताच्या रेषांसारखे असतात काकू. गाडी कोण कशी चालवतं, ते सगळं त्यात उमटलेलं असतं," दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या.

उन्हाळा तोंडावर आला होता आणि आम्ही गाडीसाठी उन्हाळ्याचे नवे टायर घ्यायला गेलो होतो. दुकान म्हणजे पत्र्याची उंच शेड. तिन्ही भिंतींना छतापर्यंत टायर लावलेले, मधे ताज्या रबराचा उग्र वास. गाडी जॅकवर चढवून तिची चारही चाकं जमिनीवर ओळीने मांडली होती. बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, नखांत काळं. त्यांचे यजमान हवेच्या गनने शेजारच्या एका मोठ्या गाडीचे नट काढत होते. ते स्वतः काही बोलत नव्हते, त्यांची गनच बोलत होती.

गाडीबद्दल सांगायला हवं. आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. मागे पन्नास पोरं, काटा कधी चाळीसच्या वर गेला नाही. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात ही निळी, दोन सीटची, जमिनीला चिकटून चालणारी गाडी घेऊन आले. जुनीच, पण पळणारी. "मागे सीटच नको म्हटलं. मागे सीट असली की मला पोरांचा आवाज येतो," असं सांगितलं वर. दुसरा निश्चय असा की, जन्मभर साडेचारला उठलो, आता पहाट बघायची नाही. आठ वाजेपर्यंत डोक्यावर पांघरूण. आणि तिसरी गोष्ट निश्चय नव्हती, ती सर्वांना नुसती ठाऊक होती. या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आमच्या जावयांनी एकदा आरशावरची धूळ बोटाने पुसली, तर हे त्यांच्या समोरच मऊ फडकं घेऊन आले.

बाई पुढच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या. खाचेत एक बारीक पट्टी घालून खोली बघितली, टायरवरून तळवा फिरवला.

"झिजलेत, पण कसे झिजलेत बघा. सगळीकडून सारखे. ब्रेक कधी करकचून दाबला नाही, वळणावर कधी ओढली नाही. अशा गाडीला एवढा शहाणा हात मी पहिल्यांदा बघतेय. काका, बस चालवायचात का?"

एरवी ह्यांची छाती दोन इंच फुगली असती. हे नुसतं "हं" म्हणाले.

"पण हे काय?" बाईंनी डावं चाक उचलून उभं केलं. त्याच्या बाजूच्या भिंतीवर, कंपनीचं नाव होतं तिथे, रबर खरवडलं गेलं होतं. मागच्या डाव्या चाकाचंही तेच. "इथे मात्र कुणीतरी गाडी दगडाला घासतंय. एकदा नाही, रोज. आणि एकाच उंचीच्या दगडाला."

मी मांडीवरची पर्स घट्ट धरली. कारण तो दगड मला ठाऊक होता. प्रार्थनामंदिरासमोरच्या पदपथाची ती कड आहे. वीतभर उंच, जरा पुढे आलेली.

माझं एक साधं व्रत आहे. उजाडण्याआधी प्रार्थनामंदिरात जाऊन दिवा लावायचा आणि सहाच्या प्रार्थनेला बसायचं. सव्वीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. मागच्या गल्लीतली मैत्रीण मला तिच्या गाडीतून न्यायची. ती लेकीकडे राहायला गेली. पहिली बस सातला, आणि गुडघे चढ चढू देत नाहीत. माझ्याकडे परवाना होता, वीस वर्षं कपाटात. किल्ली खिळ्याला. गाडी घरामागच्या गल्लीच्या टोकाला भाड्याच्या गॅरेजात. हे पांघरुणात. एकच दिवस म्हणून नेली, त्याला आता अकरा आठवडे झाले होते.

दुसरंही एक व्रत आहे. झोपण्याआधी दिवसभरातली आपली एक चूक देवापुढे मोठ्याने बोलायची. मोठ्याने म्हणजे माझ्या मोठ्याने. शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही. या अकरा आठवड्यांत मला चूक शोधावी लागलीच नव्हती. 'देवा, आजही न विचारता गाडी नेली.' एवढं म्हटलं की मी शांत झोपत असे. गाडी लावताना रोज खर्रकन आवाज यायचा. घासल्याची खूण मी ओल्या फडक्याने पुसून काढायचे. रबरच आहे, त्याला काय होतंय, असं मनाशी म्हणायचे.

बाई दोन नवे टायर घरंगळत घेऊन आल्या. "उन्हाळ्याच्या टायरमधे तुमच्या मापाचे हे दोन आहेत. हा पहिला मऊ. तापलेल्या रस्त्याला गोचिडासारखा धरतो. वळणावर गाडी जागची हलणार नाही. पण लवकर झिजतो. हा दुसरा थोडा कडक, ओल्या रस्त्यावरही लवकर थांबतो. आणि याला बाहेरून ही रबराची वळी आहे बघा. कुठे घासलंच तर आधी ती झिजते, रिमला ओरखडा जात नाही. थंडीत मात्र दोन्ही बिनकामाचे. गारठ्यात रबर लाकडासारखं होतं. कुठला घालू?"

"तुम्हाला बरा वाटेल तो घाला," हे म्हणाले.

मी चमकून बघितलं. हा माणूस महिनाभर टायरांची माहिती वाचत होता. जेवताना मला ओल्या रस्त्यावर कुठली गाडी किती फुटांत थांबते ते सांगत होता.

"अहो, तुम्हाला मऊ हवे होते ना?"

"मला काय करायचंय. घेणाऱ्याला आवडले म्हणजे झालं."

"कोण घेणारा?"

हे खरवडलेल्या रबरावर अंगठा फिरवत राहिले. "विकतोय मी गाडी. चांगले टायर घालून देऊ म्हटलं. झिजलेल्या टायरवर दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हणजे पाप."

"अहो पण का?"

"का म्हणजे? बघतेस ना?" आवाज चढवून बोलायची ह्यांना सवय नाही. आताही चढला नाही, नुसता फाटला. "एकतीस वर्षांत कुठे टेकली का माझी बस? आणि आता रोज घासतोय, आणि घासल्याचं मला कळतसुद्धा नाही. डावी बाजू दिसत नाहीये मला. बाबांची पण डावीच बाजू आधी गेली होती."

मामंजींचं मला आठवलं. शेवटची सहा वर्षं ते दाराच्या चौकटीला हात लावून घरात फिरायचे. ताटातलं डावीकडचं तसंच राहायचं, मग सासूबाई ताट फिरवून ठेवायच्या.

"आणि नुसते डोळे असते तर..." हे खाली बघून म्हणाले. "सीट पुढे असते. मी मागे केलेली असते, आठवतंय मला, आणि सकाळी बघावं तर एक खाच पुढे. आरसा खाली. म्हणजे डोकंही चाललं. कुणाचं पोर आलं चाकाखाली म्हणजे? गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय, पण ते काय सांगणार ते ठाऊक आहे मला."

तेव्हा एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जागेवर बसत गेली. महिनाभर हे एक डोळा तळव्याने झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहायचे. मला वाटायचं, कुठला तरी व्यायाम. मी वर कौतुकही केलं होतं.

"अहो," मी म्हटलं, "तुमचे डोळे नाहीत. मी आहे. मी रोज पहाटे गाडी नेते."

त्याच वेळी गन सुरू झाली. हे चाकाकडेच बघत होते. बाई टायरवरचे आकडे वाचत होत्या. कुणाच्याही कानावर काही गेलं नाही.

खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. कबूल तर केलं, ऐकू गेलं नाही त्याला मी काय करू? मग माझ्या लक्षात आलं, की गेले अकरा आठवडे मी हेच करत होते. रोज चूक सांगत होते, आणि ज्या खोलीत ऐकू जाऊ नये अशी खबरदारी घेऊन सांगत होते, त्याच खोलीत हे झोपत होते.

मी उठले. यजमानांच्या जवळ गेले आणि गनकडे बोट दाखवून हात जोडले. त्यांनी गन खाली ठेवली. मग मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मी घासली गाडी."

"काय?"

"सीट मी पुढे घेते. माझे पाय पुरत नाहीत. परत मागे ठेवते, पण खाच चुकत असेल. आरसाही मीच. मैत्रीण गेल्यापासून रोज पहाटे प्रार्थनेला मीच गाडी घेऊन जाते. लावताना ती कड लागते."

शेडमधे कुठेतरी हवा सुटल्याचा बारीक आवाज येत राहिला. हे माझ्याकडे बघत होते, अगदी पहिल्यांदा भेटल्यासारखे.

"तू? ही गाडी?"

"हो."

"रोज?"

"रोज. तुम्ही उठायच्या आत परत आणते."

"आणि क्लच? तिचा क्लच किती कडक आहे!"

"पहिले तीन दिवस बंद पडली. मग जमलं."

हे मटकन टायरांच्या चळतीवर बसले. दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले आणि खांदे हलायला लागले. मी घाबरले. बाईसुद्धा पुढे आल्या. मग कळलं की हे हसतायत. हसताहसता डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि त्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

"म्हणजे मी आंधळा होत नाहीये," हे म्हणाले.

"नाही हो."

"आणि वेडाही नाही."

"तेवढं मी कशाला सांगू?"

यजमान तेव्हा पहिल्यांदा बोलले. "काका, त्या भिंतीवरची पाटी वाचा बरं," म्हणून शेडच्या पार दुसऱ्या टोकाकडे हात केला. ह्यांनी बसल्या जागेवरून सगळी वाचून दाखवली, खालची बारीक ओळसुद्धा. आधी दोन्ही डोळ्यांनी, मग एक झाकून, मग दुसरा. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"मला सांगायचं नाही का? अगं, महिनाभर घास गोड लागत नव्हता मला," हे मला म्हणाले.

"देवाला रोज सांगत होते."

"त्याच्या गाडीला ओरखडे नव्हते पडत."

"चुकलं माझं," एवढं मी म्हणाले, आणि ते मात्र माझ्या मानाने बऱ्यापैकी मोठ्याने.

ह्यांनी डोळे पुसले, उठले, आणि एकदम पूर्वीचे झाले. दोन्ही टायरांसमोर वाकून प्रश्नांची फैर झाडली. कुठल्या आठवड्यात बनले, पुढचं नि मागचं माप वेगळं का, भिंत किती ताठ. बाई उत्तरं देतादेता दमल्या.

"मग मऊच घालायचे ना काका?"

ह्यांनी माझ्याकडे बघत हनुवटी खाजवली. "नको. वळीवाले घाला. गाडी दोघं चालवतात."

बाईंनी खालच्या आवाजात विचारलं, "थंडीत पण पहाटे जाता का काकू?"

माझ्याआधी हेच म्हणाले, "थंडीचे टायर घ्यायला पुन्हा येऊ की तुमच्याकडे."

गुरुवारी डॉक्टरांकडेही जाऊन आलो. मीच आग्रह धरला, आपल्या समाधानासाठी तरी. वाचायला चष्मा लागेल, म्हणाले, बाकी दोन्ही डोळे उत्तम.

शुक्रवारी पहाटे मी खिळ्यावरची किल्ली काढायला हात पुढे केला, तर किल्ली नव्हती. हे दारात उभे होते, बूट घातलेले, केस विस्कटलेले, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पहाटे जागे. किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. रस्ताभर माझा पाय क्लचवर गेला की ह्यांचाही जायचा.

प्रार्थनामंदिरासमोर आलो तेव्हा पूर्वेला नुकतं फटफटत होतं. ह्यांनी काच खाली केली आणि मान बाहेर काढली. "ये... ये... सावकाश. सोड थोडी. अजून. बास! थांब तिथे."

खर्र झालं नाही.

"वीतभर राहिली," हे म्हणाले. "वर अर्धं बोट."

मी उतरून पलीकडे गेले आणि वाकून नव्या टायरपासून दगडापर्यंत माझी वीत लावली. वीत भरली आणि वर अर्धं बोट जागा उरली. मग मी आत जाऊन दिवा लावला.